गच्चीवरून दिसणारं युद्ध

९ मे २०२५ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या सोसायटीवरून एक विमान गेलं. नाशिककरांना विमानाचं तसं अप्रूप नाही. १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या ओझरच्या कारखान्यात लढाऊ विमानं बनतात. मिग गेलं, सुखोई आलं, आता तेजसची पाळी आहे. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालू असला आणि वारा तिकडून इकडे असला, तर आमच्या घरातल्या कपाटाची काच हलकेच थरथरते. पाहुणे दचकतात, आम्ही चहा पीत राहतो.

पण त्या आठवड्याची गोष्ट वेगळी होती. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानशी लढाई जुंपली होती. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी निवडलेल्या ठिकाणांच्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही तिन्ही नावं होती. काय करायचं याच्या सूचना सोसायटीच्या ग्रुपवर चारचार वेळा येऊन गेल्या होत्या. दिवे घालवा, खिडक्यांपासून लांब राहा, खालच्या मजल्यावर जा, उघड्यावर थांबू नका. प्रत्यक्षात आवाज आला तेव्हा आमची अख्खी सोसायटी गच्चीवर गेली. मीही गेलो, उगाच का खोटं बोलू! मोबाइल वर धरलेले, पोरं टाकीच्या कठड्यावर चढलेली. कुणीतरी थर्मासमधून चहाही आणला होता. विमान बहुधा मुंबईकडे निघालेलं प्रवासी विमान असावं. खाली एकटे वॉचमनमामा पार्किंगचे दिवे एकेक करून घालवत होते. मामा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला विचारलं होतं, ‘तुम्हा भारतीयांना युद्धाची एवढी हौस का?’ त्याला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्याने प्रश्न मामाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाठवून दिला. मलाही लगेच सुचलं नाही. आपल्या टीव्हीवर त्या दोन रात्री जे चाललं होतं ते त्या जर्मन माणसाने पाहिलं असेल, तर प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येत नव्हता. कराची बंदर बेचिराख झाल्याच्या, इस्लामाबाद पडल्याच्या बातम्या भोंग्यांच्या आवाजावर दाखवल्या गेल्या. सकाळी कराची होतं तिथेच होतं.

तर प्रश्न असा, की एखाद्या देशाच्या लोकांना युद्धाची खुमखुमी असते का? रक्तातच, स्वभावातच?

भाच्याला मी पहिल्यांदा स्वीडनचं उदाहरण दिलं, कारण ते त्याच्या शेजारचं. सतराव्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडनच्या सैन्याने जर्मन मुलखाची जी दैना केली ती तिथल्या बडबडगीतात अजून शिल्लक आहे. बाळा, प्रार्थना कर, उद्या स्वीड येणार, अशा अर्थाचं ते गाणं. आज स्वीडिश माणूस म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? फर्निचर आणि नोबेल पारितोषिक. १८१४ नंतर त्या देशाने युद्ध केलेलं नाही. स्विस लोकांचंही तेच. पंधराव्या शतकात युरोपभर भाड्याने लढायला जाणारी सगळ्यात धास्तीची पलटण त्यांची होती. पोपच्या दारात रंगीबेरंगी कपड्यांत उभे असतात ते त्या धंद्याचे शेवटचे वारस. रक्त बदललं म्हणायचं, तर इतक्या कमी पिढ्यांत ते बदलत नाही.

दुसऱ्यांची बडबडगीतं झाली. आता आपल्याबद्दलचं. बंगालमध्ये आई बाळाला झोपवताना एक अंगाईगीत म्हणते. त्यात पाडा निजला की ‘बर्गी’ देशात येतात आणि मग सारा कशाने भरायचा ही चिंता असते. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर चालून जात राहिल्या. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली तेव्हा ते थांबलं. शाळेच्या पुस्तकात आपण हे ‘मराठ्यांचा पूर्वेकडील विस्तार’ अशा मथळ्याखाली वाचलं. दोन मार्कांना असायचं. मुर्शिदाबादजवळच्या एखाद्या विणकराच्या घरी कुणी विचारलं असतं की मराठी लोकांना युद्धाची हौस आहे का, तर त्याने काय सांगितलं असतं, हे त्या गाण्यातच आहे. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ते गाणं तिथे टिकलं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही. ज्याच्या दारात युद्ध येतं त्याच्या घरी गाणी होतात, आणि ज्याच्या दारातून निघतं त्याच्या घरी पोवाडे.

आणि तरी तो बारगीर काही रक्तपिपासू नव्हता. पाऊस संपला, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं, की मोहिमेवर निघायचं आणि मृगाच्या आधी पेरणीला परत यायचं. घोडा सरदाराचा, पोट स्वतःचं. कोरडवाहू मुलखात सहा महिने करण्यासारखं दुसरं काही नसताना तो हंगामी रोजगार होता. आपट्याच्या पानांना आपण अजूनही ‘सोनं लुटणं’ म्हणतो. त्यातला ‘लुटणं’ हा शब्द कुठून आला असेल, याचा विचार नवीन कपडे घालून शेजाऱ्याकडे पानं द्यायला जाताना कुणी करत नाही. करूही नये म्हणा, सणाचा विचका होईल.

स्वभाव कागदावर कसा ठरतो, याचं इंग्रजांइतकं चोख उदाहरण दुसरं नाही. १८५७ च्या उठावात अवध आणि बिहारच्या ज्या शिपायांनी बंदुका उलट्या फिरवल्या, ते त्याआधी कंपनीचे खास लढवय्ये होते. उठावानंतर ते ‘अलढाऊ’ ठरले आणि सरकारच्या बाजूने राहिलेले लढाऊ ठरले. महारांचं तर आणखी विचित्र. कंपनीच्या मुंबई सैन्यात ते सुरुवातीपासून होते आणि कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. १८९० च्या दशकात सरकारने त्यांची भरती बंद केली, कारण म्हणे ही जात लढाऊ नाही. पुढे १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी माणसं कमी पडू लागल्यावर महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ते परत लढाऊ झाले. मधल्या पन्नास वर्षांत रक्त पातळ झालं होतं की भरती अधिकाऱ्याची गरज?

त्याच मधल्या काळात, २ मार्च १९३० रोजी, इथे पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. घरात पलटणीच्या आठवणी सांगणारी ही माणसं, रिकाम्या हातांनी दरवाज्यासमोर बसली. त्या वर्षीच्या रामरथाच्या दिवशी त्यांच्यावर दगड पडले. पुढे पाच वर्षं त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि १९३५ च्या ऑक्टोबरात इथून ऐंशीएक किलोमीटरवरच्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. लढाऊ कोण आणि अहिंसक कोण, हा प्रश्न जातीला किंवा देशाला विचारून उपयोग नाही, हे समजायला नाशिककराला जर्मनीपर्यंत जायची गरज नव्हती. मी भाच्याला उगाच स्वीडनला नेलं.

काही जण इथे पाहण्यांचे आकडे पुढे करतात. ‘देशावर वेळ आली तर लढाल का’ असा प्रश्न जगभर विचारला जातो. २०१४ च्या अखेरीस झालेल्या अशा एका मोठ्या पाहणीत जपानमध्ये ११ टक्के लोक हो म्हणाले, जर्मनीत १८, अमेरिकेत ४४, आपल्याकडे ७५, पाकिस्तानात ८९. यावरून आपण युद्धखोर आणि जपानी संत असा निष्कर्ष काढायचा असेल, तर १९३७ साली जपानी सैन्याने कत्तल केलेल्या, चीनमधल्या नानकिंगच्या रहिवाशांनाही विचारावं लागेल. मोठ्या पराभवाची राख अंगावर घेतलेल्या देशांत हा आकडा कमी दिसतो, एवढंच मला त्यात कळतं. शिवाय ‘लढाल का’ आणि ‘लढाई व्हावी का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वॉचमनमामांना पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजही हो असंच द्यावंसं वाटेल. दुसऱ्यावर ते काही बोलत नाहीत. मी दोनदा विचारून पाहिलं. एकदा त्यांनी मोटर बंद करायची राहिली म्हणून विषय बदलला.

आपल्याकडे ‘युद्धस्य कथा रम्या’ असं म्हणायची पद्धत आहे. भाषणात, लेखात, अगदी लग्नाच्या पंगतीत जुने किस्से निघाले तरी. मूळ श्लोक मात्र आपण अर्धाच पाठ केला. त्यात तीन गोष्टी सांगितल्यात. लांबचे डोंगर, वेश्येच्या चेहऱ्यावरचा साज आणि युद्धाच्या कथा. आणि शेवटचा चरण आहे ‘त्रीणि रम्याणि दूरतः’. तिन्ही रम्य, पण लांबून. पहिल्यातून आपण ‘दुरून डोंगर साजरे’ घेतलं आणि त्यातलं ‘दुरून’ बरोबर राखलं. युद्धाच्या बाबतीत नेमका तोच शब्द गळला.

माझं म्हणणं या गळलेल्या शब्दाबद्दल आहे. आपले लोक युद्धखोर आहेत असं मला वाटत नाही. ते युद्धाचे प्रेक्षक झालेत, आणि प्रेक्षक हा लढणाऱ्यापेक्षा नेहमी जास्त आक्रमक असतो. कुस्तीच्या फडात बघा. ‘उचल, आपट’ असं ओरडणाऱ्याने आयुष्यात लाल माती अंगाला लावलेली नसते. ज्याने लावली आहे तो मान तिरकी करून बघत असतो, कारण मान कुठे मोडते ते त्याला माहीत आहे.

आपल्या सैन्यात साधारण चौदा लाख माणसं आहेत आणि देशात एकशे चाळीस कोटींच्या वर. म्हणजे हजारात एक. आमच्या सोसायटीत अडीचशेच्या आसपास माणसं राहतात. हिशेबाने पाव सैनिक वाट्याला येतो, आणि तोही फ्लॅटमध्ये राहत नाही, गेटवर बसतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे जुन्या गोल्फ क्लबवर, पहाटे फिरायला जाणाऱ्यांना भरतीची तयारी करणारी पोरं दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, छातीत धाप, पायात झिजलेले बूट. बहुतेक पेठ, सुरगाणा, सिन्नर, नांदगावकडची. त्यांच्या शेजारून चालणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घड्याळात पावलं मोजली जातात. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी चारांतला एकच कायम राहणार असं कळलं, तेव्हा देशभर पोरं रस्त्यावर उतरली. त्यांचा राग नोकरी आणि पेन्शनसाठी होता. देशभक्तीची भाषा ते बोलत नव्हते. ती बोलायला आम्ही होतोच.

नाशिकला हे सगळं एकदा फार जवळून दिसलं होतं. २७ फेब्रुवारी २०१९. आदल्या दिवशी बालाकोटचा हल्ला झालेला, देशभर पेढे वाटून झालेले. त्या सकाळी काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एक हेलिकॉप्टर कोसळलं. त्यातले सहाही जण गेले, आणि खाली जमिनीवरचा एक नागरिकही. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. ती आमची मोठी चूक होती असं त्याच वर्षी ऑक्टोबरात हवाई दलाच्या प्रमुखांनी जाहीरपणे कबूल केलं. युद्धात असं होतं. गडबडीत, भीतीत, आपला की परका हे ठरवायला मिळालेल्या काही सेकंदांत होतं. गच्चीवरून ते दिसत नाही.

अंत्यसंस्काराच्या वेळी नाशिकमध्ये लोटलेली गर्दी मी पाहिली आहे. घोषणा मनापासूनच्या होत्या, डोळ्यांत पाणीही खरं होतं. आणि त्याच दिवसांत त्यांच्या पत्नीने कॅमेऱ्यासमोर जे सांगितलं त्याचा आशय असा होता, की सोशल मीडियावरच्या लढवय्यांनी आता थांबावं. एवढाच जोश असेल तर स्वतः सैन्यात जावं, नाहीतर घरच्या कुणाला पाठवावं. आम्हाला युद्ध नको आहे. त्यात काय नुकसान होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. सगळ्यांनी ते ऐकलं, पुढे पाठवलं, खाली हात जोडल्याची चिन्हं टाकली. सहा वर्षांनी पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात लग्नाला आठवडाही न झालेला एक तरुण नौदल अधिकारी होता. त्याच्या पत्नीने काश्मिरींच्या आणि मुसलमानांच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता आणि न्याय हवा, एवढं म्हटलं. या वेळी हात जोडले गेले नाहीत. तिच्यावर इतकी घाण फेकली गेली की राष्ट्रीय महिला आयोगाला निवेदन काढावं लागलं. १० मे ला शस्त्रसंधी जाहीर झाल्यावर परराष्ट्र सचिवांची आणि त्यांच्या मुलीचीही तीच गत. त्यांना आपलं खातं कुलूपबंद करावं लागलं. सरकारी निर्णय वाचून दाखवणं एवढाच त्या गृहस्थांचा गुन्हा. मला खरी काळजी इथे वाटते. प्रेक्षकाला खेळ मध्येच थांबलेला खपत नाही, आणि थांबवणाऱ्याला तो शत्रूपेक्षा जास्त शिव्या देतो.

हे नेहमीच असं नव्हतं, असं म्हणण्याचा मोह होतो. जुना काळ सोनेरी करायची माझी इच्छा नाही. पण एक फरक खरा आहे. १९६२ मध्ये बायकांनी संरक्षण निधीत अंगावरचे दागिने दिले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या गव्हावर देश अवलंबून असताना लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळ जेवू नका असं सांगितलं, आणि सोमवारी रात्री घराघरांत चूल पेटेनाशी झाली. माझी आजी तो सोमवार पुढेही कितीतरी वर्षं पाळत होती. आम्हाला वाटायचं महादेवाचा आहे. १९७१ मध्ये खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. म्हणजे युद्ध कपाटापर्यंत, ताटापर्यंत, खिडकीपर्यंत आलं होतं. मे २०२५ मध्ये माझ्याकडून कुणी काय मागितलं? एक वेळचं जेवणही नाही. आयपीएल आठवडाभर थांबली, ती हळहळ तेवढी झाली.

१७९५ साली कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने साधा हिशेब मांडला होता. राजाला युद्ध करायला काहीच वाटत नाही, कारण त्याची मेजवानी आणि शिकार चालूच राहते. निर्णय प्रजेच्या हाती दिला तर ती दहादा विचार करेल, कारण लढायचं तिलाच आणि पैसे भरायचे तेही तिनेच. हिशेब चांगला आहे, पण त्याने एक गोष्ट धरली नव्हती. प्रजेचा फार मोठा भाग राजासारखाच मेजवानीत राहू शकतो. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली. २००३ च्या मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा तिथल्या ७२ टक्के लोकांचा त्याला पाठिंबा होता, आणि त्याच वर्षी युद्ध चालू असताना तिथल्या सरकारने कर वाढवण्याऐवजी कमी केले. पुढे त्यातल्या पुष्कळांना ती चूक वाटू लागली. अमेरिकन माणूस जन्मतः युद्धखोर आहे म्हणून हे झालं असं मानायची गरज नाही. बिल त्याच्या टेबलावर आलंच नाही. जात्यातले रडत होते, सुपातले टीव्ही बघत होते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. तो असा, की तुमच्यासारख्यांनी लोकांचा जोश थंड करायचा, आणि मग उद्या १९६२ झालं की रडत बसायचं. त्या पराभवाशी नाशिकचा संबंध आहे. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि लोकसभेवर पाठवायची वेळ आली तेव्हा नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिलं. इथल्या सगळ्या पक्षांना तेव्हा तेवढं कळत होतं. ओझरचा कारखाना, देवळालीचं तोफखाना केंद्र, १९३७ पासूनचं भोसला मिलिटरी स्कूल, हे या शहराला लागलेलं खूळ नव्हे. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात आणि देशालाही त्यांची गरज आहे. पहलगामसारख्या हल्ल्यानंतर काहीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. निःशस्त्र माणसांना धर्म विचारून मारणाऱ्यांना ते पचू देणं म्हणजे पुढच्या हल्ल्याला आमंत्रण, हे मलाही कळतं.

पण सज्जता आणि खुमखुमी यांत गल्लत होते. १९६२ मध्ये लोकांचा जोश कमी पडला नव्हता. बूट, कपडे, रस्ते, बंदुका आणि दिल्लीतली अक्कल कमी पडली होती. सज्जता ही कंटाळवाणी, खर्चिक आणि सावध असते. देवळालीला ऑक्टोबर २०२४ मध्ये सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले. विशीतली पोरं. त्या दिवशी कुठला अँकर किंचाळला नाही. आमच्या ग्रुपवर एक बातमी आली, तिच्यावर चार जणांनी हात जोडले, आणि पाचवा मेसेज पाण्याच्या टँकरचा होता. आपल्याला सैन्याची एवढीच आस्था असती तर सरावातल्या गोळ्यांची तपासणी कशी होते हा प्रश्न गच्चीवर निघायला हवा होता. तो निघाला नाही. निघतो तो ‘घुसून मारा’.

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे. घरटी माणूस सैन्यात म्हणून गावाच्या नावातच मिलिटरी. अशा गावांत शांततेचे मोर्चे निघत नाहीत हे खरं आहे. तिथे अभिमान आहे, पण तो फार कमी बोलतो. कारण स्मारकावरची नावं ओळखीच्या आडनावांची असतात. जवळून पाहणाऱ्याला युद्ध नकोसंच होतं, असा भाबडा दावा मी करत नाही. त्याला ते केवढ्याला पडतं एवढं ठाऊक असतं. पूंछमध्ये मे २०२५ मधल्या तोफमाऱ्यात दहाहून अधिक साधी माणसं गेली, लहान मुलंसुद्धा. सीमेवरच्या त्या गावांना आणि आम्हाला मत एकच. मताच्या मोजणीत ते बरोबरच आहे. फक्त टीव्हीवरच्या चर्चेत ते गाव कधी नसतं, आम्हीच असतो.

पांडवलेण्यात तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. पायऱ्या चढून दमलेली माणसं त्याच्याखाली बसून पाणी पितात. तो मुलाच्या मृत्यूनंतर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरला गेला. त्यात मुलाची थोरवी आहे. शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. नुसत्या फुशारक्याही नव्हेत त्या. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षहरात नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला आहे. विजय एवढा पुरा, की शत्रूच्या पैशावर आपला शिक्का. पण त्याच लेखात, त्याच मुलाबद्दल, आणखी एक विशेषण आहे. अपराध केलेल्या शत्रूच्याही प्राणांची हिंसा ज्याला रुचत नाही असा. आणि स्वतःबद्दल ती लिहिते, सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली.

शाळेत असताना मला हा ढोंगीपणा वाटायचा. वंश निःशेष करायचा आणि वर हिंसा रुचत नाही म्हणायचं! आता वाटतं, त्या बाईला दोन्ही खरं वाटत असणार. ती राजाची आई होती, राजाची आजी होती, मुलाच्या मागे उरली होती, आणि लेणं ती भिक्षूंना देत होती. युद्धाची आवड आणि शांततेची आवड असे माणसांचे दोन वेगळे गठ्ठे नसतात. एकाच माणसाच्या, एकाच दगडावर लिहिलेल्या ओळी असतात, आणि कुठली मोठ्याने वाचायची ते त्या वेळी तो कुठे उभा आहे यावर ठरतं.

निफाड तालुक्यातला माझा एक मित्र द्राक्षबागायतदार आहे. त्याचा थॉम्पसनचा माल युरोपात, रॉटरडॅमला जातो. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. त्या हंगामात त्याच्याकडे गेलो तर पॅकहाऊसच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावलेला. केप ऑफ गुड होपवर लाल खूण. माल दोन आठवडे जास्त कंटेनरमध्ये, भाडं कुठच्या कुठे, तिकडे पेटी उघडल्यावर देठ हिरवा निघेल की काळा याचा भरवसा नाही. ‘कुणाचं काय भांडण आणि आमच्या मण्यांना का शिक्षा?’ असं म्हणत त्याने इस्रायल, इराण, येमेन, अमेरिका सगळ्यांना ओळीने शिव्या घातल्या. युद्ध या गोष्टीवर त्या दिवशी त्याने जे ऐकवलं ते एखाद्या शांतता परिषदेत चाललं असतं.

७ मे २०२५ ला सकाळी त्याच मित्राच्या स्टेटसला रणगाडा होता. ‘आता थांबायचं नाही.’

मी त्याला फोन करून तो नकाशा आठवण करून दिला. तो हसला. म्हणाला, ‘अरे, मे महिन्यात माल संपलेला असतो. आता खरड छाटणी चालू आहे.’